जुन्या मोटारींतील उष्णतारोधक व ध्वनिरोधक अस्तर

जुन्या मोटारींतील उष्णतारोधक व ध्वनिरोधक अस्तर म्हणजे मोटारीच्या पत्र्याच्या आतील बाजूस बसवलेले नमदा, डांबरी पत्रक, फोम, रबर इत्यादींचे थर होत. इंजिन व धूरनळी यांची उष्णता आणि इंजिन, रस्ता व वारा यांचा आवाज प्रवासी कक्षात कमी यावा, हा त्यांचा हेतू असतो. कालांतराने हे थर कुजतात, तडकतात किंवा पत्र्यापासून सुटतात व ते बदलावे लागतात. कोकणासारख्या दमट प्रदेशात या कामाचा संबंध केवळ प्रवासातील सुखाशी नसून मोटारीच्या आयुष्याशी असतो. कारण भिजलेले अस्तर पाणी धरून ठेवते आणि त्याखालचा पत्रा गंजतो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील जुन्या मोटारींमध्ये प्रीमियर पद्मिनी हे ठळक उदाहरण आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात ही मोटार तयार होत असे. इटलीतील फियाट ११०० या मालिकेवर ती आधारलेली होती. १९७० च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले आणि २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सर्वपरिचित झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये झाली होती. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून निवृत्त झाली. खासगी मालकीच्या काही पद्मिनी आजही जतन केलेल्या आढळतात.

पद्मिनीचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे असून ते पुढील बाजूस बसवलेले असते. मागील चाकांना गती देणारा दंड जमिनीच्या पत्र्याखालून जातो. त्यामुळे इंजिनाची उष्णता समोरून आणि धूरनळीची उष्णता व दंडाची घरघर खालून प्रवासी कक्षात येते. पद्मिनीला वेगळी चौकट नसते. जमिनीचा पत्रा व बाजूचे पत्रे मिळूनच तिचा सांगाडा बनतो. म्हणून जमिनीचा पत्रा गंजल्यास मोटारीची मूळ ताकदच कमी होते. महिंद्र जीपसारख्या वेगळी चौकट असलेल्या वाहनांत हा धोका तुलनेने कमी असतो.

अस्तराचे प्रकार व कार्य

अस्तराचे थर तीन निरनिराळी कामे करतात. एकाच पदार्थाकडून तिन्ही कामांची अपेक्षा केल्यास परिणाम समाधानकारक मिळत नाही.

कंपशामक थर: पातळ पत्रा इंजिनाच्या व रस्त्याच्या हादऱ्यांनी थाळीसारखा वाजतो. त्यावर चिकटवलेला जड व लवचिक थर कंपनांची ऊर्जा अत्यल्प उष्णतेत रूपांतरित करतो. जुन्या मोटारींत यासाठी डांबरी पत्रके वापरली जात. आता ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा लावलेले ब्युटाइल रबर वापरतात. संपूर्ण पत्रा झाकण्याची गरज नसते. सपाट भागाच्या मध्यावर पाव ते अर्धा पृष्ठभाग झाकला तरी बहुतेक परिणाम साधतो.

ध्वनिशोषक व उष्णतारोधक थर: नमदा, तागाचे वा सुताच्या चिंध्यांचे जाड थर आणि फोम हे या गटात येतात. त्यांच्या छिद्रांत अडकलेली हवा उष्णतेचे वहन मंदावते, तर तंतूंमधील घर्षणाने आवाज शोषला जातो. धूरनळीपासून प्रारणाने येणारी उष्णता परतवण्यास चकचकीत धातूचा पापुद्रा उपयोगी पडतो. मात्र त्याच्या उष्ण बाजूस हवेची पोकळी असणे आवश्यक असते. पापुद्रा तापलेल्या पत्र्याला थेट टेकला तर वहनाने उष्णता पुढे जातेच.

ध्वनिरोधक थर: हा जड व सलग पडदा असतो. त्याचे वजन दुप्पट केल्यास आवाज सुमारे ६ डेसिबलने अधिक रोखला जातो. परंतु पडद्याचा एक टक्का भाग जरी उघडा राहिला, तरी तो कितीही जड असला तरी २० डेसिबलच्या आसपासच आवाज रोखू शकतो. इंजिन व प्रवासी कक्ष यांमधील पत्र्यात तारा, केबल व पेडल यांसाठी छिद्रे असतात. त्यांतील कडक झालेली रबरी बुचे बदलणे हे स्वस्त असूनही सर्वांत परिणामकारक काम ठरते.

अस्तर खराब होण्याची कारणे

डांबरी पत्रके वर्षानुवर्षे तापून ठिसूळ होतात व त्यांना भेगा पडतात. फोमचा भुगा होतो. उंदीर नमद्यात घरटे करतात. तथापि कोकणात मुख्य कारण पाणी हेच आहे. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नागोठणे व रोहा यांच्या दरम्यान असलेल्या निडी परिसरासारख्या भागात पावसाळ्याचे चार महिने उघड्यावर उभी राहणारी मोटार आतून क्वचितच पूर्ण कोरडी होते. काचेभोवतीचे रबर, दारांची रबरी पट्टी आणि बॉनेटच्या मागील हवेची जाळी येथून पाणी आत शिरते व पायांखालच्या नमद्यात मुरते. वरून गालिचा कोरडा भासला तरी खालचा थर ओला असू शकतो. काच बंद असताना येणारा कुबट वास व काचेवर आतून वारंवार धरणारी वाफ ही त्याची लक्षणे होत.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या मोटारीतील नमदा व फोम वाळवून पुन्हा वापरू नये. त्यात गाळ, क्षार व बुरशी राहतात आणि पत्रा आतून गंजत राहतो.

अस्तर बदलण्याची पद्धत

हे काम पावसाळ्यापूर्वीच्या कोरड्या महिन्यांत करणे योग्य मानले जाते. त्याचा सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो.

१. बॅटरीची जोडणी काढून सीट, गालिचा व दारांवरील आतील फळ्या उतरवतात. प्रत्येक भागाची छायाचित्रे घेऊन स्क्रू खुणांसह वेगळे ठेवतात. जुन्या अस्तराचे तुकडे नव्या कापणीसाठी नमुना म्हणून जपतात.

२. पाणी कोठून येते ते शोधतात. एक जण बाहेरून पाण्याची धार सोडतो व दुसरा आत बसून निरीक्षण करतो. गळती बंद झाल्याशिवाय पुढील काम हाती घेत नाहीत.

३. जुनी डांबरी पत्रके खरवडून काढतात. घन कार्बन डायऑक्साइडने थंड केल्यास ती कडक होऊन सहज सुटतात. त्या वेळी दारे उघडी ठेवणे व हातमोजे घालणे अत्यावश्यक असते, कारण बंद जागेत हा वायू साचल्यास गुदमरण्याचा धोका असतो.

४. गंज घासून काढतात. भोके पडलेला पत्रा कापून नवा जोडतात. वेल्डिंगपूर्वी इंधनटाकी व इंधननळ्या सुरक्षित करतात आणि जवळपासचे अस्तर पूर्ण काढतात. गंजावर नुसते अस्तर चिकटवल्यास दोष झाकला जातो, थांबत नाही.

५. गंजरोधक प्रायमर व रंग लावून तो पूर्ण वाळू देतात.

६. तेलकटपणा पुसून कंपशामक पत्रके चिकटवतात व रूळ फिरवून आतील हवा काढतात. त्यावर बंद छिद्रांचा, म्हणजे पाणी न शोषणारा फोम व शेवटी गालिचा घालतात.

जमिनीतील व दारांच्या तळातील निचऱ्याची छिद्रे कोणत्याही थराने बुजवू नयेत. दाराच्या काचेवरून उतरणारे पावसाचे पाणी दाराच्या पोकळीतूनच खाली जाते. छिद्र बुजल्यास दार आतून कुजते. दाराच्या आतील फळीमागचा प्लास्टिकचा कागद फाटला असल्यास तोही बदलावा लागतो.

आरोग्य व आगीचा धोका

जुन्या मोटारींतील काही उष्णतारोधक पट्ट्या, धूरनळीचे गॅस्केट व ब्रेकची अस्तरे यांत ॲस्बेस्टॉस वापरलेले असू शकते. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा हे आजार संभवतात आणि ते अनेक दशकांनंतर प्रकट होऊ शकतात. हा धोका मोटारमालकापेक्षा रोज हेच काम करणाऱ्या गॅरेजमधील कामगारास अधिक असतो. डोळ्यांनी पाहून ॲस्बेस्टॉस ओळखता येत नाही. म्हणून राखाडी वा पांढऱ्या तंतुमय पट्टीबाबत शंका असल्यास ती तशीच ठेवावी किंवा ओली करून, न फाडता, योग्य मास्क लावून काढावी. ती कोरडी घासणे व हवेच्या झोताने झटकणे टाळावे. साधा रुमाल या तंतूंना रोखत नाही.

घरबांधणीचा थर्माकोल किंवा गादीचा फोम मोटारीत वापरणे धोक्याचे असते, कारण ते सहज पेट घेतात. मोटारीच्या आतील साहित्याच्या ज्वलनशीलतेसाठी आयएसओ ३७९५ ही आंतरराष्ट्रीय चाचणी पद्धत आहे. इंजिनाच्या बाजूस व धूरनळीजवळ ब्युटाइल रबर वा फोम वापरत नाहीत. तेथे पापुद्रा लावलेले काचतंतूंचे अस्तर योग्य ठरते.

मर्यादा

दोन मिलिमीटर जाडीच्या ब्युटाइल पत्रकाचे वजन दर चौरस मीटरला सुमारे तीन ते चार किलोग्रॅम असते. लहान इंजिनाच्या मोटारीत सर्वत्र अनेक थर लावल्यास वजन वाढते, लाभ मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. सैल इंजिन-माउंटिंग, फुटलेला सायलेन्सर किंवा झिजलेले बेअरिंग यांचा आवाज अस्तराने झाकू नये. तो दोषाची सूचना देत असतो. फुटलेल्या धूरनळीतून येणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही अस्तराने अडत नाही. त्यामुळे यांत्रिक दुरुस्ती आधी व अस्तर नंतर, हा क्रम पाळला जातो.

हे सुद्धा पहा

प्रीमियर पद्मिनी
वालचंद हिराचंद
ॲस्बेस्टॉस
गंज
ध्वनिप्रदूषण