जिन्यातला दिवा आणि वायरमनची कोडी

प्रत्येक धंद्याची आपली म्हणून काही कोडी असतात. वायरमनची कोडी तारांची आणि बटणांची. काम शिकायला आलेल्या पोराची परीक्षा घ्यायला ती विचारली जातात, आणि उत्तर चुकले की हशा पिकतो. वरवर पाहता हा नुसता विरंगुळा. पण यातल्या एका कोड्याच्या पोटात संगणकाचे बीज होते, हे सांगितले तर पटेल का?

ते कोडे असे. जिन्याच्या पायथ्याशी एक बटण आहे, माथ्यावर दुसरे. दिवा एकच. कोणतेही बटण दाबले तरी पेटलेला दिवा विझला पाहिजे आणि विझलेला पेटला पाहिजे. जोडणी कशी कराल?

साधी दोन बटणे एकसर जोडून पाहा. खालचे बंद असेल तर वरचे कितीही दाबा, दिवा लागणार नाही. समांतर जोडा. आता एक चालू असेल तर दुसऱ्याने दिवा विझणार नाही. म्हणजे दोन्ही सरळ मार्ग खुंटले. उत्तर आहे 'टू-वे' बटण. याला तीन टोके असतात आणि ते मधल्या टोकाला उरलेल्या दोघांपैकी एकाशी जोडते. दोन बटणांमध्ये दोन तारा समांतर नेल्या, की दोन्ही बटणे एकाच तारेवर असतील तेव्हा दिवा लागतो, वेगवेगळ्या तारांवर असतील तेव्हा विझतो. तिसऱ्या मजल्यावरही बटण हवे असेल तर? मध्ये चार टोकांचे बटण घालायचे. ते दोन तारांची अदलाबदल करते, एवढेच. अशी मधली बटणे आठ घातली तर दहा ठिकाणांहून एकच दिवा लावता-विझवता येतो.

आता वायरमनचे सामान बाजूला ठेवून तर्कशास्त्राकडे वळू. जॉर्ज बूल या गणितज्ञाने १८५४ साली 'आणि', 'किंवा', 'नाही' या शब्दांचे बीजगणित मांडले. विधान खरे असेल तर १, खोटे असेल तर ०. हे बीजगणित बरीच वर्षे तत्त्वज्ञानाच्या वर्गातच राहिले. १८८६ साली चार्ल्स पर्स या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने अ‍ॅलन मार्क्वंड या आपल्या जुन्या विद्यार्थ्याला पत्रात सुचवले, की विजेची बटणे एकसर जोडली तर 'आणि' मिळतो, समांतर जोडली तर 'किंवा'. पण ती सूचना पत्रातच राहिली. एकीकडे तर्कशास्त्र शिकवले जात होते, दुसरीकडे कारागीर जिन्यात दिवे बसवत होते, आणि दोघांची गाठ पडत नव्हती.

ती गाठ १९३०च्या दशकात पडली, आणि एकाच ठिकाणी नव्हे. जपानमध्ये अकिरा नाकाशिमा आणि सोव्हिएत संघात व्हिक्टर शेस्ताकोव्ह स्वतंत्रपणे याच विचारापाशी पोचले होते. सर्वांत जास्त परिणाम झाला तो क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा. शॅननने लहानपणी कुंपणाच्या काटेरी तारेचा उपयोग करून मित्राच्या घरापर्यंत तारायंत्र जोडले होते. १९३६ साली त्याने गणित आणि विद्युत अभियांत्रिकी अशा दोन पदव्या एकदम घेतल्या. बूलचे बीजगणित त्याला भेटले ते तत्त्वज्ञानाच्या वर्गात. पुढे एम.आय.टी.मध्ये रिलेंच्या, म्हणजे विजेने उघडझाप करणाऱ्या बटणांच्या, गुंतागुंतीच्या जोडण्या सांभाळताना दोन्ही गोष्टी एकच आहेत हे त्याला दिसले. १९३७ साली लिहिलेल्या एम.एस्सी.च्या प्रबंधात त्याने दाखवले, की अशी कोणतीही जोडणी समीकरणात लिहिता येते, ते समीकरण सोपे करता येते आणि त्यावरून कमी बटणांची नवी जोडणी काढता येते.

याच प्रबंधात विजेवर चालणारे बेरीज-यंत्रही आहे. द्विमान पद्धतीत ०+०=०, ०+१=१, १+०=१ आणि १+१=१०. यातला फक्त एकं स्थानचा अंक पाहा: ०, १, १, ०. हा तर आपल्या जिन्यातला दिवा! विझलेल्या दिव्यापासून सुरुवात केली तर एकच बटण फिरवल्यावर तो पेटतो, दोन्ही फिरवल्यावर विझतो. हातचा कसा मिळवायचा? दोन बटणे एकसर जोडा. दोन्ही चालू असतील तेव्हाच तो दिवा लागेल. आजचे संगणक बेरीज करतात ती याच रीतीने. रिलेंची जागा ट्रान्झिस्टरने घेतली, एवढाच फरक.

दुसरे कोडे तारा ओळखण्याचे. लांब नळीतून सारख्याच रंगाच्या ११ तारा गेल्या आहेत. वरची कोणती तार खालच्या कोणत्या टोकाची, हे सेल आणि बल्ब वापरून ओळखायचे. खेपा कमीत कमी हव्यात. मार्टिन गार्डनर यांनी हे कोडे लोकप्रिय केले. उत्तर थक्क करणारे आहे: एकदा खाली जाऊन पुन्हा वर आले की पुरते! वर १० तारांच्या ५ जोड्या बांधा, एक मोकळी ठेवा. खाली जाऊन जोड्या शोधा. जी कोणाशीच जुळत नाही ती मोकळी तार. तिला पहिल्या जोडीतल्या एका तारेशी बांधा, त्या जोडीतली दुसरी पुढच्या जोडीतल्या एकीशी, अशी साखळी करा. वर येऊन गाठी सोडा, पण कोण कोणाची जोडीदार हे ध्यानात ठेवा. मोकळ्या तारेपासून साखळी धरून गेले की सगळ्या तारा ओळखता येतात.

गंमत अशी, की तारा तीन, चार, शंभर कितीही असोत, युक्ती साधते. फक्त दोनच तारा असतील तर कधीच साधत नाही! का, हे विद्यार्थ्यांनी शोधावे. १९६६ साली याच प्रश्नावर केनेथ नोल्टन आणि रोनाल्ड ग्रॅहम या बेल प्रयोगशाळेतील संशोधकांचे गणिती काम प्रसिद्ध झाले.

तिसरे कोडे फसवे आहे. बाहेर तीन बटणे, बंद खोलीत एक बल्ब. खोलीत एकदाच जायचे आणि बल्ब कोणत्या बटणाचा ते सांगायचे. नुसत्या तर्काने पाहिले तर हे अशक्य, कारण दिवा चालू किंवा बंद अशी दोनच उत्तरे देतो. युक्ती अशी: पहिले बटण काही मिनिटे चालू ठेवून बंद करा, दुसरे चालू करा आणि आत जा. बल्ब विझलेला पण गरम असेल तर पहिले बटण, पेटलेला असेल तर दुसरे, थंड असेल तर तिसरे. तारेच्या बल्बमध्ये विजेचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग उष्णतेत जातो, म्हणून हे जमते. एलईडी दिवे आल्यापासून हे उत्तर डळमळीत झाले आहे. मुलांनी ते पाठ म्हणून दाखवले, तर 'बल्ब कोणता?' असे जरूर विचारावे.

शाळेत हे सारे सेल, टॉर्चचे बल्ब आणि तारांवर करता येते. घरच्या विजेला हात लावायचे कारण नाही. मुख्य म्हणजे हे प्रयोग विज्ञानाच्या तासापुरते ठेवू नयेत. गणिताच्या आणि कार्यानुभवाच्या शिक्षकांनी ते एकत्र घ्यावेत. पर्सच्या पत्रापासून शॅननच्या प्रबंधापर्यंत ५१ वर्षे गेली. एकाच मुलाच्या हातात पक्कड आणि डोक्यात बीजगणित असायला इतका वेळ लागू नये.