कड्यावरून छज्ज्याखाली

विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातला अधिकारी. १८२४मध्ये त्याच्यावर दख्खनची पाहणी करण्याचं काम सोपवलं गेलं. शेती आणि लोकसंख्येची मोजदाद करता करता त्याने इथले पक्षीही नोंदवले. १८३२मध्ये ती यादी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात एका काळपट तपकिरी भिंगरीला त्याने ‘हिरुंडो कॉन्कलर’ असं नाव दिलं. कॉन्कलर म्हणजे एकरंगी. आज इंग्रजीत तिला डस्की क्रॅग मार्टिन म्हणतात. क्रॅग म्हणजे कडा.

उभा कातळ, वर पुढे आलेला दगड आणि खाली मोकळी हवा, हे तिचं मूळ घर. माणसाने लेणी खोदली, किल्ले बांधले, मग सिमेंटच्या इमारती उभारल्या. भिंगरीच्या लेखी हे सगळे आणखी कडेच! खिडकीवरचा छज्जा पाऊस अडवतो, खडबडीत भिंत चिखल धरून ठेवते. ती चोचीतून ओल्या मातीच्या गोळ्या आणून अर्ध्या वाटीएवढं घरटं चिकटवते आणि आत मऊ पिसं अंथरते. तेच घरटं डागडुजी करून पुन्हा वापरते.

बोलीत आपण अशा सगळ्यांनाच पाकोळी म्हणून मोकळे होतो. पण नीट पाहिलं तर फरक कळतो. तपकिरी अंग, जवळपास सरळ कापलेली शेपटी आणि ती पसरली की दिसणारे पांढरे ठिपके, ही साइक्सची भिंगरी. डोकं तांबूस, पोट पांढरंशुभ्र आणि शेपटीला दोन बारीक तारा असतील, तर ती तारवाली भिंगरी. तिचं घरटं बहुधा पाण्याजवळच्या पुलाखाली. बोगद्यासारखं तोंड असलेलं, आडव्या सुरईसारखं घरटं लालबुड्या भिंगरीचं. आणि कमरेवर पांढरा पट्टा, पंख कोयत्यासारखे, तारेवर कधीच न बसणारी, ती खरी पाकोळी. तिचं घरटं पिसांचं, लाळेने चिकटवलेलं. चिखलाचं नव्हे.

ही ओळख रंगकामाच्या वेळी उपयोगी पडते. परांचीवरचा माणूस पत्र्याने भिंत खरवडत येतो आणि ‘मातीचा डाग’ एका फटक्यात खाली पडतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरटी विस्कटणं धरलं आहे. त्या कोपऱ्यातला हातभर रंग पिल्लं उडून जाईपर्यंत थांबू शकतो. सोसायटीच्या ग्रुपवर एवढं लिहायला मिनिटभर पुरतं.