दुखरी कंबर आणि अवघडलेली हालचाल

कंबर धरली की घरातून, शेजारून आणि कित्येकदा दवाखान्यातूनही मिळणारा पहिला सल्ला एकच असतो : पडून राहा, वाकू नका, वजन उचलू नका. उसण भरल्यावर पहिले एक-दोन दिवस हा सल्ला सुखावह वाटतो. परंतु दुखणे तीन महिन्यांपलीकडे गेल्यावरही तोच निष्ठेने पाळला जातो, तेव्हा उपचार कोणता आणि आजार कोणता, हे सांगणे कठीण होऊन बसते.

बारा आठवड्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या कंबरदुखीस जुनाट कंबरदुखी म्हटले जाते. जगात सर्वाधिक लोकांना अकार्यक्षम करणारे दुखणे हेच होय. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या आकडेवारीनुसार २०२० साली ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटी ३० लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. यांपैकी बहुसंख्य रुग्णांमध्ये दुखण्याचे नेमके एक शारीरिक कारण दाखवता येत नाही. मोडलेले हाड, जंतुसंसर्ग, गाठ किंवा दबलेली नस अशी ठोस कारणे थोड्यांतच सापडतात. उरलेल्यांच्या बाबतीत कंबर कशी हलते आणि ती हलवताना मनात काय चाललेले असते, याकडे पाहावे लागते.

विश्रांतीची परीक्षा

अंथरुणातील विश्रांती हा अनेक पिढ्यांचा प्रमुख उपचार होता. त्याची पद्धतशीर तपासणी तशी उशिराच झाली. १९८६ मध्ये अमेरिकेत डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंबरदुखीच्या रुग्णांपैकी काहींना दोन दिवस, तर काहींना सात दिवस पडून राहण्यास सांगितले. दुखणे बरे होण्यात फरक पडला नाही. मात्र दोन दिवसांच्या गटातील लोकांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले. १९९५ मध्ये हेलसिंकी येथील महापालिका कर्मचाऱ्यांवर झालेला प्रयोग त्याहून बोलका आहे. एका गटाला विश्रांती, दुसऱ्याला कंबरेचे ठरावीक व्यायाम आणि तिसऱ्याला सोसवेल तेवढी नेहमीची कामे चालू ठेवण्याचा सल्ला देण्यात आला. तिसरा गट सर्वांत लवकर सावरला. हे दोन्ही प्रयोग मुख्यतः नव्याने उद्भवलेल्या दुखण्यावरचे आहेत, हे खरे. परंतु जिथे दुखणे ताजे आहे तिथेही पडून राहण्याने फायदा होत नसेल, तर महिनोन्‌महिने पडून राहण्याचे समर्थन कसे करणार?

यामागे शरीररचनेचे कारणही आहे. दोन मणक्यांमधील चकतीला प्रौढपणी थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिचे पोषण आजूबाजूच्या ऊतींमधून झिरपणाऱ्या द्रवावर चालते. दिवसभर उभे राहिल्या-बसल्याने तिच्यातील पाणी बाहेर पडते आणि रात्री आडवे झाल्यावर ते परत शोषले जाते. संध्याकाळी आपली उंची सकाळपेक्षा सुमारे एक टक्क्याने कमी भरते, ती त्यामुळेच. भार येणे आणि भार उतरणे हा या चकतीचा नित्यक्रमच आहे.

वाकताना काय घडते?

निरोगी माणूस उभ्याने हळूहळू पुढे वाकतो तेव्हा पाठीचे स्नायू प्रथम ताणाखाली काम करतात. पूर्ण वाकल्यावर मात्र ते जवळपास शांत होतात आणि शरीराचा भार अस्थिबंधांसारख्या खोलवरच्या ऊतींवर सोपवला जातो. इंग्लंडमधील फ्लॉइड आणि सिल्व्हर या संशोधकांनी १९५०च्या दशकात स्नायूंतील विद्युत्‌क्रियेच्या नोंदी घेऊन हे दाखवून दिले. जुनाट कंबरदुखीच्या अनेक रुग्णांत स्नायूंची ही विश्रांती येतच नाही. वाकण्याच्या शेवटच्या टप्प्यावरही स्नायू आवळलेलेच राहतात, जणू पाठ पहाऱ्यावर उभी आहे. दिवसातून शंभरदा होणारी ही क्रिया प्रत्येक वेळी मुठी आवळून केल्यावर स्नायू थकून दुखू लागले, तर नवल नाही.

असा रुग्ण खुर्चीतून उठताना पाहावा. तो आधी श्वास रोखतो, हात मांड्यांवर टेकवतो, पाठ फळीसारखी ताठ करतो आणि मग सावकाश उभा राहतो. पडलेला रुमाल उचलताना कमरेतून वाकणे टाळून तो गुडघ्यांतून खाली जातो. चालतानाही फरक दिसतो. एरवी वेग वाढला की छाती आणि ओटीपोट परस्परविरुद्ध दिशांना वळू लागतात आणि हात सहज झुलतात. दुखऱ्या पाठीचा माणूस मात्र वेग वाढला तरी धड एकसंध ठेवूनच चालत राहतो. मोजमापांतूनही एकंदरीत हेच आढळते : हालचालींची व्याप्ती कमी, वेग कमी आणि कंबर नेमक्या कोणत्या स्थितीत आहे याची जाणीवही काहीशी बोथट.

येथे प्रश्न उरतो तो आधी काय, याचा. हालचाल बिघडली म्हणून कंबर दुखते, की दुखते म्हणून हालचाल बिघडते? पाठीच्या स्नायूंत क्षारयुक्त द्रावण टोचून निरोगी स्वयंसेवकांत तात्पुरती वेदना निर्माण केली, तेव्हा त्यांचीही स्नायूंची लय लगेच बदलली. पाठीत कळ येणार, या नुसत्या अपेक्षेनेदेखील धडाच्या खोल स्नायूंचे काम बदलते, असेही २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आले. म्हणजे वेदनेपासून वाचवणारी तात्पुरती ढाल म्हणून हा ताठरपणा येतो. दुखापत भरून निघाल्यावरही ढाल खाली ठेवली जात नाही, तेव्हा ती स्वतःच ओझे होते.

फिल्म आणि भीती

ही ढाल टिकून राहण्यास आपली भाषाही हातभार लावते. ‘मणक्यात गॅप आली आहे’, ‘गादी सरकली आहे’, ‘झीज झाली आहे’ ही वाक्ये मराठी घरांत इतकी रुळली आहेत की, ती ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर केव्हाही कोसळेल असा विटांचा खांब उभा राहतो. वस्तुतः १९९४ मध्ये अमेरिकेत, पाठीचा कोणताही त्रास नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले असता त्यांतील ५२ टक्के लोकांत किमान एका ठिकाणी चकती फुगलेली आढळली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार, कंबर मुळीच न दुखणाऱ्या विशीतील लोकांपैकी ३७ टक्के आणि ऐंशीतील लोकांपैकी ९६ टक्के व्यक्तींत चकत्यांची झीज दिसते. झीज दिसणे हे बव्हंशी केस पिकण्यासारखे आहे. अहवालातील शब्द वाचून खाली बसणे, मांडी घालणे, नातवंडाला उचलणे कायमचे सोडून देणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

व्लायेन आणि लिंटन यांनी २००० साली मांडलेले ‘भीती आणि टाळाटाळ’ यांचे प्रारूप याच वर्तुळाचे वर्णन करते. वेदनेला संकट मानले की हालचालीची भीती वाटते, भीतीमुळे हालचाल टाळली जाते, टाळल्याने स्नायू दुबळे होतात आणि मन खचते, मग थोड्याशा हालचालीनेही अधिक दुखते. हे वर्तुळ समाजाच्या पातळीवरही तोडता येते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९९७ ते १९९९ या काळात दूरचित्रवाणीवरून ‘पाठदुखी झाली म्हणून झोपून राहू नका’ अशा आशयाची मोहीम चालवण्यात आली. तिच्यामुळे नागरिकांच्याच नव्हे, तर डॉक्टरांच्याही समजुती बदलल्या आणि नुकसानभरपाईचे दावे घटले.

व्यायाम कोणता?

यावर दावे पुष्कळ आहेत. खोल स्नायूंचे व्यायाम, पिलाटेस, वजने उचलणे, पोहणे या प्रत्येकाचे कट्टर पुरस्कर्ते आहेत. सुमारे अडीचशे चाचण्यांचा २०२१ मधील कॉक्रेन आढावा सांगतो की, काही न करण्यापेक्षा व्यायाम निश्चितच बरा. प्रकारांमधील फरक मात्र, प्रचारकांना रुचणार नाही इतके लहान आहेत. योगासनांचेही तसेच. पुण्यात विकसित झालेल्या अय्यंगार पद्धतीची जुनाट कंबरदुखीवरील चाचणी २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि तिचे निष्कर्ष आशादायक होते. तथापि नंतरच्या आढाव्यांनुसार योगाचा लाभ खरा असला, तरी माफक आहे. जो व्यायाम आपण सहा महिन्यांनीही करत असू तो निवडावा, असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सर्वांत स्वस्त पर्याय चालण्याचा. ऑस्ट्रेलियात ७०१ प्रौढांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्यांना मार्गदर्शनासह टप्प्याटप्प्याने चालणे वाढवण्यास सांगितले. आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास, हे उद्दिष्ट होते. पुन्हा दुखणे उद्भवेपर्यंतचा मध्यम काळ त्यांच्यात २०८ दिवस भरला, तर इतरांत ११२. याउलट आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा कमरेचा पट्टा आणि वजन लावून ताण देणे, या दोहोंविरुद्ध जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मधील मार्गदर्शक सूचनांत शिफारस केली आहे.

पुनश्च वाकायला शिकताना सुरुवात सोपी असावी. पलंगावर उताणे पडून, गुडघे दुमडून ते दोन्ही बाजूंना सैलपणे झुलवावेत. मग खुर्चीत बसून श्वास सोडत, पाठ गोल होऊ देत हात जमिनीकडे न्यावेत. हे सहज जमू लागल्यावर उभ्याने वाकावे आणि त्यानंतर वजन, तेही किलो-दोन किलोंनी वाढवत न्यावे. या काळात थोडे दुखणे अपेक्षित असते. दुसऱ्या दिवशीपर्यंत ते पूर्ववत होत असेल तर मात्रा योग्य आहे, दोन-तीन दिवस रेंगाळत असेल तर ती कमी करावी. बरे वाटते म्हणून एका रविवारी सारे घर आवरून काढायचे आणि सोमवारपासून अंथरूण धरायचे, हा प्रकार मात्र टाळावा.

हे सारे लागू होते ते गंभीर कारण नाही याची डॉक्टरांकडून खात्री झाल्यावरच. लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा येणे अथवा पायांतील शक्ती झपाट्याने कमी होणे, अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, घटते वजन, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यामुळे लागलेला मार किंवा रात्री झोपेतून उठवणारी सततची वेदना असल्यास तपासणी लांबवू नये. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजूनही आढळतो आणि कित्येकदा त्याची सुरुवात साध्या पाठदुखीसारखीच असते.