‘ला रेइना देल सुर’ : गाण्यातून निघालेली राणी

मे २०११. मेक्सिकोच्या वायव्येकडील सिनालोआ राज्याचे गव्हर्नर मारिओ लोपेस वाल्देस यांनी फर्मान काढले : अमली पदार्थांच्या तस्करांचे गुणगान करणारी गाणी ज्या बारमध्ये वाजतील, त्याचा मद्यपरवाना जाईल.

त्याच महिन्याच्या ३० तारखेला अमेरिकेतील तेलेमुन्दो या स्पॅनिश वाहिनीवर ‘ला रेइना देल सुर’, म्हणजे ‘दक्षिणेची राणी’, या मालिकेचा अखेरचा भाग दाखवला गेला. नायिका सिनालोआचीच, धंदा तस्करीचाच आणि शीर्षकगीताचा बाजही बंदी घातलेल्या गाण्यांचाच. तो भाग सुमारे ४२ लाख लोकांनी पाहिला. वाहिनीसाठी तो विक्रम होता.

एकच कथा बारमध्ये गुन्हा आणि दिवाणखान्यात विक्रम कशी ठरली, हे समजून घ्यायचे तर सुरुवात गाण्यापासून करावी लागते. ही मालिका जन्मली तीच मुळी एका गाण्याच्या पोटी.

मेक्सिकोत कथा सांगणाऱ्या गीतप्रकाराला ‘कोरिदो’ म्हणतात. मराठी वाचकाला त्यावरून पोवाडा आठवेल आणि ते फारसे चुकीचे नाही. आठ-आठ अक्षरांच्या ओळी, आरंभी स्थळकाळाचा उल्लेख, मग वीराचे नाव, त्याचा पराक्रम, बहुधा त्याचा मृत्यू आणि शेवटी गायकाचा निरोप. १९१० च्या क्रांतीत वर्तमानपत्र वाचू न शकणाऱ्यांपर्यंत लढायांच्या बातम्या पोचवल्या त्या याच गाण्यांनी. क्रांती संपली, पण बंदूकधारी नायकाची सवय सुटली नाही. अमेरिकेत दारूबंदी आली आणि सीमेपलीकडे दारू नेणारा गाण्यात शिरला. त्याच्या मागोमाग अफू नेणारा आला.

१९३१ मध्ये टेक्सासमधील एल पासो येथे ‘एल पाब्लोते’ हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. तस्करावरील आरंभीच्या कोरिदोंपैकी हे एक. पाब्लो गोन्सालेस हा पलीकडच्या सियुदाद हुआरेसचा तस्कर, नुकताच मारला गेलेला. त्याच्यामागे तो व्यापार पुढची कित्येक दशके चालवला त्याच्या बायकोने, इग्नासिया हासोने. शहर तिला ‘ला नाचा’ म्हणून ओळखे. गाणे मात्र निघाले ते नवऱ्यावर.

बाईच्या हाती बंदूक देऊन तिला लोकप्रिय करणारे गाणे यायला आणखी चाळीसेक वर्षे लागली. आन्हेल गोन्सालेस यांनी लिहिलेले ‘कोन्त्राबान्दो इ त्राइसिओन’, म्हणजे ‘तस्करी आणि विश्वासघात’, लोस तिग्रेस देल नोर्ते या वाद्यवृंदाने १९७० च्या दशकात गाजवले. सिनालोआतील मोकोरितो भागातून पोटासाठी कॅलिफोर्नियात आलेली ही भावंडे. गाण्याची गोष्ट साधी आहे. एमिलिओ आणि टेक्सासची कामेलिया मोटारीच्या टायरमध्ये गांजा भरून सीमा ओलांडतात, माल पोचवतात, पैसे घेतात. मग तो तिला तिचा वाटा देऊन सांगतो की, आपण आता आपल्या खऱ्या प्रेयसीकडे निघालो. कामेलिया त्याला गोळ्या घालते आणि पैशांसह नाहीशी होते.

कामेलिया काल्पनिक होती. तरी ती अमक्या गावात राहते, तमक्या तुरुंगात आहे, अशा वदंता पुढे वर्षानुवर्षे चालल्या. तिच्यावर चित्रपट निघाले आणि पुढे संगीतकार गाब्रिएला ओर्तिस यांनी ऑपेराही रचला. गुन्हा आणि प्रेमभंग यांची ही सांगड साडेतीन मिनिटांत पुरी होते. पुढे जे जे घडले त्याचा आराखडा एवढ्यात आलेला आहे.

गाणाऱ्यांसाठी मात्र हा खेळ काल्पनिक नव्हता. सिनालोआचा चालिनो सांचेस फर्माईश करणाऱ्यांवर पैसे घेऊन कोरिदो रचून देई. मे १९९२ मध्ये कुलियाकान या सिनालोआच्या राजधानीत कार्यक्रम चालू असताना रंगमंचावरच त्याच्या हाती एक चिठ्ठी आली. ती वाचतानाचा त्याचा चेहरा चित्रफितीत टिकून आहे. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत सापडले.

आता गोष्ट समुद्र ओलांडते. आर्तुरो पेरेस-रेवेर्ते हे स्पेनचे कादंबरीकार, आधीचे युद्धवार्ताहर. मेक्सिकोतल्या एका पानगृहात कामेलियाचे गाणे कानी पडले आणि असाच एक कोरिदो, पण पाचशे पानांचा, लिहावा असे वाटले, हे त्यांनीच सांगितले आहे. कुलियाकानची बोली समजून घ्यायला त्यांना तिथलेच लेखक एल्मेर मेन्दोसा यांची मदत झाली. २००२ मध्ये ‘ला रेइना देल सुर’ प्रसिद्ध झाली.

तिची नायिका तेरेसा मेन्दोसा ही तस्करांच्या वैमानिकाची प्रेयसी. तो मारला जातो, आणि हा फोन वाजला की मागे न पाहता पळायचे, असे बजावून दिलेला फोन एके दिवशी वाजतो. कुलियाकानहून ती पळते ती मेलियाला या आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील स्पॅनिश शहरात. पुढे जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून रात्री हशीश वाहणारी बोट, दुसरा प्रियकर, त्याचाही मृत्यू, मग तुरुंग. तुरुंगात तिच्या हाती ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ येते आणि फारशी न शिकलेली ही मुलगी वाचायला लागते. सुटल्यावर ती दक्षिण स्पेनच्या किनाऱ्यावर तस्करीचे साम्राज्य उभे करते. कादंबरीचा सगळा जीव या वाचन शिकण्यात आहे. गोळीबार इतरत्रही पुष्कळ मिळतो.

त्याच वर्षी वर्तुळ पुरे झाले. ज्यांच्या गाण्यातून कादंबरी सुचली, त्या लोस तिग्रेसनी तेओदोरो बेयो यांनी रचलेला ‘ला रेइना देल सुर’ हा कोरिदो गायला. आता कादंबरीचे पुन्हा गाणे झाले होते.

२०११ ची मालिका या दोन्हींच्या खांद्यांवर उभी होती. टेलेनोव्हेला आपल्याकडील मालिकेसारखी वर्षानुवर्षे चालत नाही; ती रोज दिसते आणि ठरल्या दिवशी संपते. तिच्या शीर्षकगीताचा जुना रिवाज गोड विरहगीताचा. १९७९ च्या ‘लोस रिकोस तांबिएन योरान’ (श्रीमंतही रडतात) या गाजलेल्या मालिकेत ते गीत नायिका वेरोनिका कास्त्रोनेच गायले होते. तेरेसाच्या मालिकेने त्या जागी लोस कुआतेस दे सिनालोआ यांचा कोरिदो आणला. सोज्वळ मोलकरीण आणि श्रीमंत मालकपुत्र यांची जागा बोट हाकणाऱ्या बाईने घेतली, तेव्हा सुरावटही बदलणे भागच होते. प्रेमकथा मात्र राहिलीच. तेरेसाचे पुरुष एकामागून एक मरतात किंवा फसवतात, आणि प्रेक्षक रोज परततो तो त्यासाठी.

तेरेसा झाली होती केट देल कास्तियो. जानेवारी २०१२ मध्ये तिने समाजमाध्यमावर एक मजकूर लिहिला. सत्य दडवणाऱ्या सरकारांपेक्षा आपला होआकिन ‘एल चापो’ गुस्मानवर अधिक विश्वास आहे, असे म्हणून तिने त्याला वाईटाऐवजी चांगल्याची तस्करी करण्याची विनवणी केली. गुस्मान हा सिनालोआ टोळीचा फरारी म्होरक्या. हे वाक्य अभिनेत्रीने लिहिले की तेरेसाने, असा प्रश्न पडतो. ते भाबडेपणाचे होते हे खरे. पण ज्या देशात सरकारवरचा विश्वास उडाला होता, तिथे ते पुष्कळांना आपलेही वाटले.

दोनच महिन्यांनी लोस तिग्रेसनी चिवावा शहरातील कार्यक्रमात ‘ला रेइना देल सुर’ गायले. नगर प्रशासनाने त्यांना शहरात पुन्हा कार्यक्रम करण्यास मनाई केली. ज्या कादंबरीवर ते गाणे बेतलेले, ती पुस्तकांच्या दुकानात मिळतच होती. पुस्तकाची किंमत ज्याला परवडत नाही त्याच्याच करमणुकीवर पहारा बसला, असा याचा अर्थ निघतो. सिनालोआचे फर्मान २०१३ मध्ये मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले.

तो मजकूर गुस्मानपर्यंत पोचला होता. आपल्या जीवनावर चित्रपट निघावा ही त्याची हौस, आणि तो काढावा तेरेसा झालेल्या बाईने. जुलै २०१५ मध्ये तो भुयारातून तुरुंगाबाहेर पडला. ऑक्टोबरमध्ये केट देल कास्तियो आणि अमेरिकी अभिनेता शॉन पेन त्याला डोंगरात जाऊन भेटले. ८ जानेवारी २०१६ रोजी तो सिनालोआतील लोस मोचिस येथे पकडला गेला. चित्रपटासाठी त्याने अभिनेत्री व निर्मात्यांशी साधलेला संपर्क तपासाला उपयोगी पडला, असे महाधिवक्त्या आरेली गोमेस यांनी सांगितले. केट देल कास्तियोचीही चौकशी सुरू झाली. आरोप मात्र ठेवला गेला नाही.

गुस्मानच्या आयुष्यावर मालिका २०१७ मध्ये आली, ती दुसऱ्याच निर्मात्यांची. एप्रिल २०१९ मध्ये ‘ला रेइना देल सुर’चे दुसरे पर्व सुरू झाले, तेरेसा पुन्हा केटच. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने गुस्मानला जन्मठेप सुनावली.