कोळसा स्वच्छ, पण कशापासून?

‘क्लीन कोल’ हे शब्द कानावर पडले की मला एकच प्रश्न पडतो: स्वच्छ म्हणजे नेमकं कशापासून? गेल्या सत्तर वर्षांत या विशेषणाचा अर्थ किमान तीनदा बदलला आहे.

पहिला अर्थ होता धुरापासून स्वच्छ. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस काळं धुकं बसलं आणि हजारो माणसं मेली. १९५६ मध्ये ब्रिटनने हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा केला. वीजकेंद्रांत विद्युतभारित पत्र्यांवर राख पकडणारी यंत्रं आणि उंचच उंच धुराडी रूढ झाली. धूर दिसेनासा झाला, पण गंधकाचा वायू वाऱ्याबरोबर दूर गेला आणि स्कँडिनेव्हियाच्या तळ्यांत आम्ल होऊन उतरला.

मग दुसरा अर्थ आला, गंधकापासून स्वच्छ. अमेरिकेतल्या आम्लवर्षेने कॅनडा वैतागला होता. त्या वादातून १९८६ च्या सुमारास अमेरिकी सरकारने ‘क्लीन कोल’ नावानेच कार्यक्रम आखला. धुरावर चुनखडीचं पाणी फवारायचं, गंधक जिप्सम होऊन खाली बसतं. उपाय उत्तम. पण या क्रियेत थोडा कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पंप-पंखे वीजही खातात. म्हणजे गंधकाच्या हिशेबात स्वच्छ झालेलं केंद्र कार्बनच्या हिशेबात किंचित मळतं!

तिसरा अर्थ कार्बनचा, आणि इथे गणित अवघड होतं. राख आणि गंधक ही कोळशातली भेसळ; कार्बन म्हणजे खुद्द इंधन. तो काढून टाकला तर जाळायचं काय? वाटा दोनच. एक, तेवढ्याच विजेसाठी कमी कोळसा जाळणं. २२१ बारच्या वर दाब नेला की पाणी आणि वाफ हा भेदच उरत नाही. अशा ‘सुपरक्रिटिकल’ बॉयलरवर चालणारा पहिला संच ओहायोतल्या फिलो इथे १९५७ मध्ये सुरू झाला. आपल्याकडे नागपूरजवळच्या कोराडीत महानिर्मितीचे ६६० मेगावॅटचे असे तीन संच २०१५ ते २०१७ दरम्यान आले. जुना संच युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. जगातले उत्तम नवे संच पाऊण किलोच्या आसपास. बचत खरी आहे, पण पाऊण किलो म्हणजे शून्य नव्हे.

दुसरी वाट म्हणजे धुराड्यातून वायू पकडून जमिनीत पुरणं. कॅनडातल्या बाउंडरी डॅम केंद्राने २०१४ मध्ये ते करून दाखवलं. मात्र केंद्राच्या विजेचा मोठा वाटा या पकडापकडीतच जातो, आणि पकडलेल्या वायूचा बराचसा भाग विकला गेला तेलविहिरींतून आणखी तेल काढण्यासाठी. मिसिसिपीतल्या केम्परची गोष्ट आणखी बोलकी आहे. कोळशाचा वायू करून जाळायचा, कार्बन आधीच वेगळा काढायचा, असा बेत होता. खर्च सुमारे तीन अब्ज डॉलरवरून सात अब्जांच्या पुढे गेला आणि २०१७ मध्ये कोळशाचा नाद सोडून केंद्र नैसर्गिक वायूवर चालवायचं ठरलं.

भारतात अजून दुसरा अर्थही पुरा झालेला नाही. गंधकाचे नियम डिसेंबर २०१५ मध्ये आले, मुदत दोन वर्षांची होती. ती पुन्हा पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक संचांना गंधक धुण्याच्या यंत्रणेतून सूटच मिळाली.

आपली जवळपास तीन-चतुर्थांश वीज कोळशातून येते, त्यामुळे हे तंत्रज्ञान निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. एखादा म्हातारा संच बंद करून त्याच्या जागी कार्यक्षम संच आला, तर त्याचा फायदा आजच होतो. पण तोच संच जुन्याच्या जोडीला उभा राहिला, तर पुढची तीस-चाळीस वर्षं तो कार्बन सोडतच राहणार. तंत्रज्ञान तेच, फरक पडतो तो जुना संच खरंच बंद झाला की नाही, याने. म्हणून ‘स्वच्छ’ केंद्राच्या उद्घाटनाची बातमी आली की मी त्याच बातमीत बंद झालेल्या संचाचं नाव शोधतो.