उलाळ गाडी, दाबलेली मान : सीमाभागातल्या शर्यतीच्या गाडीची गोष्ट

'उलाळ' हा शब्द आता आपल्या बोलण्यातून जवळजवळ गेलाच आहे. बैलगाडीच्या मागच्या भागात जास्त भार झाला की जू वर उचलले जाते आणि गाडी पाठीवर पडू पाहते. तिला उलाळ गाडी म्हणायचे. टांग्यात मागे जाडजूड माणसे बसली की टांगेवाला पुढच्या उतारूला म्हणायचा, "जरा पुढं सरका, उलाळ होतंय." त्याने भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडलेले नसायचे. पण आस कुठे आहे, भार कुठे आहे आणि घोड्याच्या पाठीवर काय येते आहे, हे त्याला बसल्याजागी कळत असे.

हा शब्द आठवायला कारण झाले ते मुलांचे एक खेळणे. रिमोटवर पळणाऱ्या छोट्या शर्यतीच्या मोटारी आता सर्वांनी पाहिल्या आहेत. खऱ्या मोटारीच्या एक दशांश मापाची गाडी, पण तिला अंगठ्याएवढ्या स्प्रिंगा असतात, तेल भरलेले इवलेसे शॉक अॅब्सॉर्बर असतात. शौकीन लोक त्यातले तेल बदलतात. खडबडीत मैदानासाठी पातळ तेल, गुळगुळीत फरशीसाठी दाट. चाके वरून किंचित आत झुकवतात, बॅटरी दोन-चार मिलिमीटर पुढेमागे सरकवतात, आणि एवढ्याने वळणावर गाडीचा स्वभाव बदलतो. हे वाचताना मला राहून राहून वाटत होते, की हे सगळे आपल्याकडे कुणीतरी फार पूर्वीपासून करत आले आहे. फक्त त्या गाडीला बॅटरीऐवजी बैल होते!

लहानग्या गाड्यांची हौसही आपल्याकडे नवी नाही. १९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबादला, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या. त्यातली एक म्हणजे दोन बैलांचा रथ. लांबी सुमारे ४५ सेंटीमीटर. लांब दांडी, पुढे जू, दोन चाके, आणि वर उभा असलेला सारथी. त्याचा काळ कोणता यावर अभ्यासकांचा वाद आहे, पण तो साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचा असावा असे मानणारे बरेच आहेत. तो पूजेचा होता की खेळण्याचा, हेही नक्की नाही. पण ओतणाऱ्याने माणूस बसवला नाही, उभा केला. गाडीत उभ्याने तोल सांभाळणारा माणूस त्याने नक्कीच पाहिलेला असणार.

आता बेळगाव-निपाणीकडे वळू. आपल्या गोव्याला हा मुलूख परका नाही. आपल्या बाजारात येणारी भाजी चोर्ला घाटाने बेळगावहूनच उतरते. रेल्वे येण्याआधी याच डोंगरातून रामघाटाने बैलांच्या पाठीवरून माल खाली यायचा. गाडीवाटेचे घाट झाले तसे तांडे मागे पडले आणि गाड्या पुढे आल्या. वर देशावर काळी जमीन, मध्ये खानापूरचे सागवान, खाली कोकण आणि गोवा. अशा तीन तऱ्हेच्या भूमीवरून एकच गाडी न्यायची, तर ती बांधणाऱ्याला पुष्कळ विचार करावा लागतो.

भाषेचाच नमुना पाहा. उत्तर कर्नाटकात गाडीला चक्कडी म्हणतात, आपल्याकडे छकडी किंवा छकडा. चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला घालतात ती मराठीत खीळ, कानडीत कीलु. दोन राज्ये भांडत राहिली, पण खीळ एकच राहिली. सणाचेही तसेच. ज्येष्ठ पौर्णिमेला कानडी मुलखात कारहुण्णिमे असते. त्या दिवशी बैल पळवतात, आणि पुढे गेलेल्या बैलाच्या रंगावरून कोणते पीक साधेल याचा अंदाज बांधायची रीत आहे. सीमेवरची आणि कोल्हापूर-सांगलीकडची मराठी माणसे त्याच सणाला 'कर्नाटकी बेंदूर' म्हणतात, आणि पुढे आषाढात 'महाराष्ट्री बेंदूर' वेगळा करतात. आपल्याकडे गोरवांचा पाडवा दिवाळीत येतो. बैलाला वर्षातून एक दिवस देव मानायचे, हे मात्र तिन्हीकडे सारखे!

रायबाग तालुक्यातल्या चिंचलीला मायाक्कादेवीची यात्रा भरते, माघात. तिथला जनावरांचा बाजार दोन्ही राज्यांत नावाजलेला आहे. या भागात बैलांच्या दोन परंपरा एकमेकींना भेटतात. एक माणदेशाकडून आलेला खिलार, उंच, सडपातळ, चपळ. दुसरा कृष्णाकाठचा, अंगाने अवजड, काळ्या रानात नांगर ओढणारा. शर्यतीला माणसे खिलार शोधतात ते उगाच नाही.

बैल चांगला असला म्हणजे शर्यत जिंकली असे मात्र नाही. खरी कला गाडीत आहे.

मालाच्या जुन्या गाडीला स्प्रिंग नसे. तिचे मोठे चाक हेच तिचे शॉक अॅब्सॉर्बर. वीतभर खळग्यात छोटे चाक पुरते उतरते, मोठे चाक वरच्यावर निघून जाते. शिवाय साटीचे सांधे पक्के ठोकून आवळण्याऐवजी पुष्कळ ठिकाणी दोरखंडाने बांधत. गाडी कुरकुरायची, पण धक्का त्या कुरकुरण्यात जिरायचा. चाकाचा तुंबा आसावर थोडा सैल ठेवावा लागे. फार सैल ठेवला तर चाक लडबडते आणि गाडी एका अंगाला ओढते. फार घट्ट ठेवला तर आस तापतो. या दोहोंमधले अंतर सुतार बोटाने चाचपून ठरवायचा. वंगणाचा नळा गाडीखाली टांगलेलाच असे. लोखंडी धाव शेणीच्या जाळात लाल करून चाकावर चढवायची आणि पाणी ओतायचे. धाव आकसली की आरे आणि पाट्या एकमेकांत अशा बसत, की वर्षानुवर्षे हलत नसत.

शर्यतीची गाडी म्हणजे याच गाडीचा सांगाडा. साटी नाही, माल नाही, जमेल तेवढे लाकूड तासून काढलेले. वजन उतरले, पण त्यातून नवी अडचण उभी राहते. मालाची गाडी जड असते, म्हणून तीत माणूस थोडा पुढेमागे झाला तरी फरक पडत नाही. सांगाड्यात मात्र सर्वांत जड वस्तू म्हणजे हाकणारा स्वतः! समजा, आसापासून जू तीन मीटरवर आहे आणि साठ किलोचा गडी आसाच्या एक वीतभर, म्हणजे वीस सेंटीमीटर पुढे उभा आहे. जुवावर चार किलो भार येतो, एकेका मानेवर दोन. तोच गडी वीतभर मागे सरकला की जू चार किलोने वर उचलले जाते आणि गळ्याखालची सापती बैलाचा श्वास दाबू लागते. दोन वितांच्या जागेत सगळा खेळ आहे. पुढे झुकला तर मान दबते, मागे रेलला तर गळा आवळतो. जाणता गडी मग काय करतो? तो गुडघे सैल सोडतो, खड्ड्यात आपल्याच पायांची स्प्रिंग करतो, आणि आपला भार आसाच्या डोक्यावर ठेवतो. रिमोटच्या गाडीत बॅटरी सरकवणारा मुलगा नेमके हेच करत असतो.

दुसरी युक्ती जुवाची. दोन बैल कधीच सारख्या ताकदीचे नसतात. एक पुढे काढतो, दुसरा मागे पडतो आणि गाडी तिरकी धावते. अशा वेळी जू दांडीला बांधतात ती जागा मधोमध न ठेवता जोरकस बैलाकडे थोडी सरकवायची. दोन मानांत एकशे वीस सेंटीमीटर अंतर असेल आणि बांधणी सहा सेंटीमीटर सरकवली, तर ओढ पंचावन्न आणि पंचेचाळीस अशी वाटली जाते. अशक्त बैलाला लांब बाजू मिळते, तेवढी त्याची ओढ हलकी होते. नांगराला हे शेतकरी रोज करत आला आहे. त्याला तो तरफ म्हणत नव्हता, एवढेच.

मोजता येण्याजोगी ही विद्या पुस्तकात आली ती फार उशिरा. घोडागाडीच्या लंबवर्तुळी स्प्रिंगा इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आल्या. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले, तेही आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी केलेल्या प्रयोगातून. म्हणजे इथेही आरंभ खेळण्यापासूनच! पुढे तेच टायर बैलगाडीला लागले आणि आपल्याकडे 'डनलॉप गाडी' हे नावच पडले. संकेश्वरचा हिरण्यकेशी, निपाणीचा हालसिद्धनाथ, अशा साखर कारखान्यांकडे ऊस वाहणाऱ्या टायरच्या गाड्या या भागाचे चित्रच होऊन बसल्या. १९७० च्या दशकात बंगळूरच्या आयआयएमचे संस्थापक-संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारण्याची मोठी मोहीम चालवली. त्यांचे म्हणणे साधे होते. देशाचा एवढा माल जिच्यावर चालतो, त्या गाडीकडे अभियंते पाहतही नाहीत. बेअरिंग चांगले करा, वजन कमी करा, जू सुधारा, बैलाच्या मानेवरच्या जखमा थांबतील. लोकांनी ते पटवून घेतले, पण गाडी सावकाशच बदलली. लाकडी चाक गावचा सुतार-लोहार बलुत्यावर दुरुस्त करून देई. माळावर पंक्चर झालेले टायर कोण दुरुस्त करणार?

आता शर्यतीच्या दुसऱ्या बाजूकडे यावेच लागेल. तिच्याविना हा लेख म्हणजे नुसती हौस होईल. शेपटी पिरगाळणे, पराणी टोचणे, चाबूक, हे या खेळात होते आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतींनाही मनाई केली. मग राज्यांनी कायदे बदलले. महाराष्ट्राने २०१७ साली दुरुस्ती केली, पण मुंबई उच्च न्यायालयाने ती अडवली. कर्नाटकाच्या दुरुस्तीला २०१८ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली. परिणाम असा, की निपाणीत शर्यत कायदेशीर आणि वीस-बावीस किलोमीटरवरच्या कागलात गुन्हा! कोगनोळीचा नाका ओलांडला की त्याच बैलाचा, त्याच गाडीचा कायदा बदलायचा. १९५६ पासून ज्या रेषेने इथल्या मराठी माणसाला रडवले, तिने या जवळजवळ चार वर्षांत मराठी गाडीवानाला एक पळवाटही दिली. १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रालाही परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. आपल्याकडे धीरयो १९९६ पासून बंद आहेत, आणि त्यांचा वाद अजून दर निवडणुकीत डोके वर काढतो. त्यामुळे हा प्रश्न आपल्याला दुरून पाहण्याचा नाही.

महाराष्ट्राच्या नियमांत धाव एक हजार मीटरपेक्षा लांब नको, बैलाला मारहाण नको, पशुवैद्याची तपासणी हवी, असे आहे. हे योग्यच आहे. अंतर टेपने मोजता येते, चाबूक डोळ्यांना दिसतो. पण जुवावर किती भार आहे, सापती किती आवळली आहे, हे कड्याला उभ्या असलेल्या प्रेक्षकाला दिसत नाही. ते दिसते गाडी बांधणाऱ्या सुताराला आणि तिच्यावर उभ्या राहणाऱ्या गड्याला. माझे म्हणणे एवढेच, की चाबूक उचलावा लागतो तो बहुधा गाडी बिघडलेली असते म्हणून. तोल साधलेली गाडी बैलाला नुसत्या आवाजावर पळू देते. क्रूरता कमी करण्याचा एक मार्ग न्यायालयातून जातो, दुसरा सुताराच्या नेटावरून.

तो सुतार आता म्हातारा झाला आहे. त्याची मुले बेळगावच्या उद्यमबागेत यंत्रावर काम करतात, आणि सुटे भाग मिलिमीटरच्या शतांशात मोजतात. हात तेच, माप नवे. त्यातल्या कुणी एखाद्याने बापाकडून बोटाने चाचपायचे ते माप विचारून घेतले आणि कागदावर उतरवले, तर शर्यत राहो वा जावो, बैलाच्या मानेचे भले होईल. नाहीतर उलाळ हा शब्द जसा गेला, तसे तेही जाईल.