माळवदापासून चोवीस अंशापर्यंत

पंचवीस वर्षांपूर्वी आपण सोसायटीत राहायला आलो, तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जणांनी माळवदाचं घर मागे सोडलं होतं. पक्कं स्लॅबचं घर मिळालं, पावसाळ्यात गळायची चिंता मिटली. मागे राहिला तो गारवा.

माळवदाच्या जाड भिंती आणि वरचा मातीचा थर दिवसभराचं ऊन सावकाश पीत. रात्री आपण वर अंथरूण टाकायचो. तापमान सांभाळायचं काम घरच करायचं. स्लॅब मात्र दुपारी तापतो आणि रात्रभर ती धग खोलीत सोडतो.

हे काम यंत्रावर सोपवायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनला वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. वर्गात गरम होतंय की गार, हे बघायला शिपाई सारखा आत यायचा आणि शिकवणं मोडायचं. म्हणून त्यांनी विजेचा थर्मोस्टॅट केला. त्याचं पेटंट 1883 सालचं. 1902 मध्ये विलिस कॅरियर यांनी हवेचं यंत्र आखलं, तेही ब्रुकलिनच्या छापखान्यातला कागद दमट होऊ नये म्हणून!

आमच्याकडे एसी आला त्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही तो 18 वर लावला. पहाटे आई कुडकुडत उठायची. एसी बंद केला की तासाभरात पुन्हा घाम. बिल आलं तेव्हा वडील म्हणाले, "थंडी विकत घेतली, आणि वर गोधडी पण काढली!"

चूक आमच्या समजुतीत होती. 18 लावल्यानं खोली लवकर गार होत नाही. साध्या एसीचा कॉम्प्रेसर चालतो तो एकाच जोरानं. आकडा खाली आणला की तो फक्त जास्त वेळ चालतो. एक अंश वर ठेवला तर सुमारे 6 टक्के वीज वाचते, असा केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोचा हिशेब आहे. म्हणूनच 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबलचे नवे एसी सुरुवातीलाच 24 अंशांवर लावून येतात.

आता आमच्याकडे 26 आणि सोबत हळू पंखा. आई पहाटेपर्यंत शांत झोपते. गच्चीला पांढरा चुना दिला, पश्चिमेच्या खिडकीला दुपारी पडदा ओढला, तर यंत्राचं ओझं आणखी कमी होतं. माळवदाची अक्कल स्लॅबवरही चालते. पुढच्या पंचवीस वर्षांसाठी एवढी एक सवय सगळ्यांनी मिळून लावून घेऊया.